औषध, बाजार की चित्र : संशोधन नेमकं कशात करू?

प्रश्न : मी संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पीएचडी करायची हे पक्कं आहे, पण विषय ठरत नाही. परवा एका विद्यापीठाच्या प्रबंधांची यादी चाळत होते. एक प्रबंध मधुमेहाच्या औषधाच्या मात्रेवर, त्याखालचा शेअर बाजारावर, त्याखालचा जुन्या चित्रांवर. तिघांनाही पदवी एकच! बाबा म्हणतात, खरं संशोधन वैद्यकातलं, त्याने माणसं वाचतात. मामा म्हणतो, फायनान्स घे, पैशाची ददात राहणार नाही. मला लहानपणापासून गाण्याची आणि चित्रांची ओढ आहे, पण कलेत कसलं आलंय संशोधन, यावर मात्र दोघांचं एकमत आहे. मी डॉक्टर नाही म्हणजे वैद्यक मला बंदच का? आणि एकदा विषय धरला की बदलता येतो का?

उत्तर : तुझा डॉक्टर असण्या-नसण्याचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. वैद्यक तुला बंद नाही. उलट तिथे तुझ्यासारख्यांची गरज जास्तच.

ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या इंग्रज माणसाला डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या महायुद्धात क्षयरोग झाला, काही वर्षं आजारपणात गेली आणि वैद्यकीय शिक्षण राहून गेलं. त्यांनी पत्रद्वारा अभ्यास करून पदवी घेतली, तीही अर्थशास्त्राची, आणि पुढे ते संख्याशास्त्राकडे वळले. १९४८ साली क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्या चाचणीमागचं संख्याशास्त्र हिल यांचं. १०७ रुग्ण होते. कोणाला औषध द्यायचं आणि कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता बंद पाकिटांतल्या यादृच्छिक क्रमाने ठरवलं गेलं. एक्स-रे तपासणाऱ्यांना कोणता रुग्ण कोणत्या गटातला, हे सांगितलेलं नव्हतं. सहा महिन्यांनी औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ दगावले होते, न मिळालेल्या ५२ पैकी १४. आज रँडमाइज्ड ट्रायल म्हणून जी पद्धत जगभर चालते, तिच्यातला हा मैलाचा दगड. बाबांना हे जरूर सांग. त्यांचा मुद्दा चुकीचा नाही, फक्त माणसं वाचवणारं संशोधन डॉक्टरच करतात हा समज अपुरा आहे.

आता मूळ प्रश्न. 'खरं संशोधन कोणतं' या वादात तू पडू नकोस, त्यातून काही निघत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी स्वतःला विचार. कोणत्या प्रकारचा पुरावा पाहिला की तुझं समाधान होतं? आणि त्या पुराव्यापर्यंत पोचायला दिवसभर जे करावं लागतं, ते तुला वर्षानुवर्षं करवेल का? या तीन क्षेत्रांतला फरक विषयापेक्षा या दुसऱ्या प्रश्नात जास्त आहे.

वैद्यकात प्रश्न आधी कागदावर पक्का करावा लागतो. किती रुग्ण घेणार, काय मोजणार, कधी थांबणार, हे सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहायचं, एथिक्स कमिटीसमोर मांडायचं, नोंदवायचं आणि मग सुरुवात करायची. अर्ध्या वाटेवर आणखी मजेदार प्रश्न सुचला तरी चाचणीचा मूळ प्रश्न तोच राहतो. धीर मात्र लागतो. हिल यांनी रिचर्ड डॉल या डॉक्टर-संशोधकाबरोबर १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाच्या सवयी विचारल्या. त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा मागोवा २००१ पर्यंत घेतला गेला आणि पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली छापून आला. तो पाहायला हिल हयात नव्हते. शिवाय वैद्यकातल्या पेपरवर वीस-वीस नावं असतात. पहिलं ज्याने मुख्य काम केलं त्याचं, शेवटचं बहुधा गटप्रमुखाचं. संख्याशास्त्रज्ञाचं नाव पुष्कळदा मधे कुठेतरी. हे ज्याला खुपतं त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायनान्समध्ये बहुतेक वेळा प्रयोग करताच येत नाही. बाजार कोसळला तो एकदाच कोसळला, तसाच पुन्हा पाडून बघता येत नाही. त्यामुळे आधीच घडून गेलेल्या व्यवहारांच्या नोंदींतून कारण शोधायचं. या नोंदीही आयत्या मिळालेल्या नाहीत. शिकागो विद्यापीठात १९६० साली एक केंद्र स्थापन झालं आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातल्या १९२६ पासूनच्या किमती तिथे गोळा करून, तपासून संगणकात भरल्या गेल्या. पुढच्या कित्येक पिढ्यांचे प्रबंध त्या डेटावर उभे आहेत. या क्षेत्राचा स्वभाव कळायला एकच उदाहरण पुरे. अर्थतज्ज्ञ यूजीन फामा म्हणत आले की उपलब्ध माहिती शेअरच्या किमतीत लगेच उतरते. रॉबर्ट शिलर यांनी १९८१ साली दाखवलं की पुढे मिळालेल्या लाभांशाच्या हिशेबाने पाहता किमती फारच जास्त वरखाली होतात. २०१३ साली अर्थशास्त्राचं नोबेल दोघांनाही मिळालं, लार्स पीटर हॅन्सन यांच्यासह. आकडे समोर असूनही अर्थाबद्दल मतभेद राहतो, आणि तो मतभेद हाच तिथला रोजचा खुराक. सेमिनारमध्ये दुसऱ्या स्लाइडलाच हात वर होतात. पीएचडीच्या सुरुवातीला गणित आणि अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकड्यांचं संख्याशास्त्र, भरपूर. ते तुला जड जाऊ नये.

मामाच्या मुद्द्याबद्दल एवढंच. फायनान्सच्या प्राध्यापकाला कलेच्या प्राध्यापकापेक्षा साधारणपणे बरा पगार असतो, हे खरं. पण नुसता पैसाच हवा असेल तर पीएचडी हा लांबचा रस्ता आहे. संख्याशास्त्राच्या पदवीवर थेट नोकरीला लागणारी मंडळी तोवर कुठल्या कुठे पोचलेली असतात.

आता कला. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तुझ्या घरात तिची बाजू मांडणारं कोणी दिसत नाही.

नेदरलँड्समध्ये १९६८ साली काही कला-इतिहासकार एकत्र आले. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रां याच्या नावावर असलेली चित्रं खरोखर कोणती त्याची, हे तपासायला त्यांनी सुरुवात केली. ही तपासणी नुसत्या नजरेवर नव्हती. एक्स-रे काढले. लाकडी फळीवरचं चित्र असेल तर लाकडाच्या वलयांवरून ते झाड कोणत्या सालाच्या आधी तोडलेलं असणं शक्य नाही, हे काढलं. कापडावरचं असेल तर ताणा-बाण्याचे धागे मोजून दोन चित्रांचं कापड एकाच ताग्यातलं आहे का, हे पाहिलं. सुरुवातीच्या समितीने चित्रांचे तीन वर्ग केले : रेम्ब्रांचं, रेम्ब्रांचं नाही, आणि ठरवता येत नाही. मला तो तिसरा वर्ग फार आवडतो. पुढे समितीत मतभेद झाले आणि १९९३ साली ज्येष्ठ सदस्य बाहेर पडले. अर्न्स्ट व्हान द वेटरिंग यांनी काम पुढे नेलं आणि २०१४ सालच्या अखेरच्या खंडात आधी नाकारलेली सुमारे ७० चित्रं पुन्हा रेम्ब्रांची म्हणून मांडली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललेला, स्वतःचेच निष्कर्ष उलटवणारा हा उद्योग संशोधन नाही तर काय? आणि धागे मोजण्याचं ते काम आता संगणकावर होतं. ते करायला तुझ्याच विषयाची माणसं लागतात.

किंवा महाभारताची चिकित्सक आवृत्ती घे. १९१९ साली सुरू झालेलं ते काम १९६६ साली पुरं झालं. वेगवेगळ्या लिपींतल्या शेकडो पोथ्या ओळीओळीने ताडून, कोणता पाठ जुना आणि कोणता नंतर घातलेला, हे पाठभेदांसह नोंदवलं गेलं. एक चूक अनेक पोथ्यांत सारखीच उतरली असेल तर त्या एकाच मूळ पोथीवरून नकललेल्या असाव्यात, हा तर्क तुला ओळखीचा वाटेल.

कलेतला दिवस मात्र एकटीचा असतो. एक वस्तू, एक हस्तलिखित, एक ध्वनिमुद्रण घेऊन महिनोन्‌महिने बसायचं. प्रबंधावर नाव तुझं एकटीचं. त्यामुळे शाबासकी पूर्ण, आणि अडकलीस तर सोडवायला गट नाही. जागा कमी, शिष्यवृत्त्या कमी, संग्रहालयं आणि अभिलेखागारं यांच्या परवानग्यांत वेळ जातो. हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

आणि या तीन खोल्यांच्या मधल्या भिंती वाटतात तितक्या जाड नाहीत. चित्रातल्या कानांच्या पाळ्या आणि नखं यांवरून चित्रकार ओळखायची पद्धत एकोणिसाव्या शतकात ज्यांनी मांडली, ते जोव्हानी मोरेल्ली शिक्षणाने डॉक्टर होते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली नाट्यसंस्था आणि वाद्यवृंद यांचा जमाखर्च तपासला. कारखान्यात माणशी उत्पादन वाढत जातं, पण चौघांनी वाजवायची रचना आजही चौघांनीच, तेवढ्याच वेळात वाजवावी लागते. वादकांचे पगार मात्र इतरांबरोबर वाढवावेच लागतात, म्हणून कलेचा खर्च चढत राहतो. हाच युक्तिवाद पुढे रुग्णालयांचा आणि शिक्षणाचा खर्च का वाढतो, हे समजावून घ्यायला वापरला गेला. म्हणजे गाण्याचा हिशेब मांडता मांडता दवाखान्याचं कोडं उलगडायला मदत झाली.

तुझ्यासारखीला या तिन्हींत एक समान धागाही सापडेल, आणि मला वाटतं तुझी वाट तिथूनच निघावी. तो म्हणजे गळालेल्यांचा प्रश्न. चाचणी मधेच सोडून गेलेले रुग्ण वगळून हिशेब केला तर औषध आहे त्यापेक्षा गुणकारी दिसू शकतं, म्हणून रुग्णाला ज्या गटात टाकलं त्याच गटात शेवटपर्यंत मोजण्याचा दंडक आहे. आज चालू असलेलेच म्युच्युअल फंड घेऊन गेल्या वीस वर्षांचा सरासरी परतावा काढला तर तो फुगलेला येतो, कारण बुडालेले आणि गुंडाळलेले फंड यादीतच नाहीत. आणि जुन्या चित्रकलेबद्दल, संगीताबद्दल आपण जे काही बोलतो ते टिकून राहिलेल्या वस्तूंवरून. जळलं, कुजलं, कोणी जपलंच नाही, ते कसं होतं? अपुरा डेटा तू अभ्यासात शिकलीच असशील. हे तीन प्रश्न एका कागदावर लिहून ठेव आणि आठवडाभराने बघ, तुझं मन कोणत्या प्रश्नाकडे आपोआप वळलं.

मग ही कामं कर. त्या यादीतले तिन्ही प्रबंध मिळव आणि प्रस्तावना नि निष्कर्ष सोडून फक्त पद्धतीचं प्रकरण आणि परिशिष्टं वाच. कंटाळा कुठे येतो, ते महत्त्वाचं. तिन्ही क्षेत्रांतला एकेक पीएचडीचा विद्यार्थी गाठ. तुमचा विषय काय, हे विचारू नकोस, काल दिवसभर काय केलंत ते विचार. प्राध्यापकांपेक्षा विद्यार्थी खरं सांगतात. आणि गाईड निवडताना त्यांचे आधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत, हे न लाजता विचार. चांगल्या गाईडला या प्रश्नाचा राग येत नाही.

तुझी पार्श्वभूमी पाहता माझा कल वैद्यकीय संख्याशास्त्राकडे किंवा चित्र आणि संगीत यांच्या मोजमापावर आधारलेल्या संशोधनाकडे आहे. फायनान्स तुला जमेल, पण तुझ्या अख्ख्या पत्रात त्याबद्दलचं एकही वाक्य तुझं स्वतःचं नाही, सगळी मामाची आहेत.

बदलता येतं का? येतं, पण सगळ्या दिशांनी सारखं सोपं नाही. संख्याशास्त्रातून वैद्यकीय संशोधनात किंवा फायनान्समध्ये पीएचडीनंतरही जाता येतं, कारण हत्यारं तीच राहतात. कलेतून पुन्हा संख्याशास्त्राकडे यायचं असेल तर मधल्या काळात गणिताचा सराव तुटू देऊ नकोस. रुग्णांवर उपचार करायची इच्छा पुढे कधी झाली तर मात्र कोणतीही पीएचडी उपयोगाची नाही, त्याला वैद्यकीय पदवीच लागते. आणि कला घ्यायची ठरवलीस तर पहिल्या वर्षातच त्या परंपरेची भाषा आणि लिपी शिकायला घे. प्रोग्रॅमिंग तुला येतंच. कलाशाखेतल्या मुलांना ते नंतर शिकावं लागतं, तसं तुला हे शिकावं लागेल, आणि याला वेळ जास्त लागतो.