मे महिन्यात बेटावर लग्न: अंदमान, मालदीव की मॉरिशस?

मे महिना पक्का असेल तर माझं मत मॉरिशस. मेच्या उत्तरार्धात अंदमानात मोसमी पाऊस पोहोचतो, समुद्र खवळला की स्वराज द्वीपच्या (जुन्या हॅवलॉक बेटाच्या) बोटींच्या फेऱ्या रद्द होतात आणि अर्धं वऱ्हाड बंदरावरच अडकतं. मालदीवलाही तेव्हाच पावसाळा लागतो. शिवाय तिथे इतर धर्मांच्या सार्वजनिक विधींना मुभा नाही, त्यामुळे होम-सप्तपदी हवी असेल तर तो विचार सोडा.

मॉरिशसमध्ये मेपर्यंत चक्रीवादळांचा जोर ओसरलेला असतो, हवा सुखद असते. भारतीय पर्यटकांना व्हिसा आधी काढावा लागत नाही. आणि 19व्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी मंडळींचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात, त्यामुळे मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी शोधणं सोपं जातं. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मुहूर्त मात्र तिथल्या पंचांगाप्रमाणे काढून घ्या. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. कायदेशीर नोंदणी इथेच उरकून जा. आजी-आजोबांना विमानाचे सहा तास झेपणार नसतील, तर अंदमानच निवडा, पण तारीख फेब्रुवारीत आणा.