वाचकांचे प्रश्न : लाल चतुर नेमका कोणता?

प्रश्न : गंगापूर धरणाच्या फुगवट्याजवळ ऑक्टोबरमध्ये मी एका लाल चतुराची (ड्रॅगनफ्लाय या कीटकाची) दोन छायाचित्रे काढली. एका जाणकारांनी तो क्रोकोथेमिस सर्व्हिलिया असल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांनी ट्रायथेमिस ऑरोरा. तिसऱ्या छायाचित्रात त्याच काठावरचा पिवळा चतुर आहे. ती त्याची मादी समजावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : असा मतभेद होणे स्वाभाविक आहे, कारण आपले पहिले छायाचित्र अगदी वरून घेतलेले असल्याने त्यात पाय दिसत नाहीत, आणि या दोन जातींचे नर वेगळे ओळखताना पायांचा रंग फार उपयोगी पडतो. क्रोकोथेमिस सर्व्हिलियाच्या प्रौढ नराचे पाय लालसर असतात आणि त्याच्या उदराच्या पाठीवरून एक बारीक काळी रेघ जाते. ट्रायथेमिस ऑरोराच्या नराचे पाय मात्र काळे, पंखांच्या शिरा लाल आणि अंगाच्या लाल रंगात गुलाबी-जांभळट झाक असते. मागच्या पंखांच्या बुडाशी पिवळसर तांबूस डाग दोघांनाही असतो, त्यामुळे केवळ त्यावर भिस्त ठेवू नये. रंगाच्या छटेवर तर मुळीच नको, कारण मोबाइलमध्ये लाल रंग अनेकदा इतका भडक उतरतो की छटांमधला फरकही नाहीसा होतो आणि ती रेघही बुजते. आपल्या दुसऱ्या, बाजूने घेतलेल्या छायाचित्रात लाल पाय आणि काळी रेघ दोन्ही स्पष्ट आहेत. तो क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचाच नर आहे.

पिवळ्या चतुराविषयी मात्र मी तसे म्हणणार नाही. या जातीचा कोवळा नरही मादीसारखाच पिवळा असतो आणि वयात आल्यावर लाल होतो; शिवाय इतर अनेक जातींच्या माद्याही पिवळसरच असतात. नराच्या उदराच्या दुसऱ्या खंडाखाली जननेंद्रियाचा लहानसा उंचवटा असतो, तो वरून घेतलेल्या छायाचित्रात दिसत नाही. त्यामुळे या छायाचित्राखाली जातीचे नाव किंवा ‘मादी’ असे न लिहिता केवळ ‘पिवळा चतुर’ एवढेच लिहावे. चुकीच्या नोंदीपेक्षा अपुरी नोंद कितीतरी अधिक उपयोगाची असते.

पुढच्या वेळी प्रत्येक चतुराचे एक छायाचित्र वरून आणि एक त्याच्या पातळीवर बसून अगदी बाजूने घ्यावे, उदराचे टोक धूसर होऊ देऊ नये, आणि तारीख, ठिकाण व पाणी वाहते होते की साचलेले याची टिपण ठेवावी. नाशिकच्या थंडीतल्या सकाळी ऊन वर येईपर्यंत चतुर सुस्त असतात, तेव्हा ते जवळून टिपता येतात.

प्रश्न : नांदूरमध्यमेश्वरला टिपलेल्या एका बारीक कीटकाचे पंख अर्धे उघडे आहेत. टाचणी (चतुराचा सडपातळ भाऊबंद, डॅम्सेलफ्लाय) पंख मिटून बसते, मग हा चतुरच ना?
– एक वाचक, निफाड

उत्तर : नाही, ही टाचणीच आहे. लेस्टीस गटातल्या टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवूनच बसतात. आपल्या छायाचित्रात पुढचे आणि मागचे पंख सारख्याच आकाराचे व बुडाशी निमुळते आहेत. चतुराचे मागचे पंख बुडाशी रुंद असतात. डोळे एकमेकांपासून दूर असणे ही टाचणीची खूण असली तरी ती एकटी पुरेशी नाही, कारण इक्टिनोगोम्फस रॅपॅक्ससारख्या काही चतुरांचे डोळेही एकमेकांना भिडत नाहीत.