पुण्यात पेठेत राहतो, घरात आई आणि चार वर्षांचा मुलगा आहे. विजेवरची गाडी घ्यायची आहे. एमजीची तीन दारांची कॉमेट घ्यावी की टाटाची पाच दारांची टियागो ईव्ही?

"घरात म्हातारं माणूस आहे ना, मग तीन दारांच्या गाडीचं नावही काढू नका," असं तुम्हाला शंभर जण सांगतील. मी ते २००७ पासून ऐकत आलेय आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला जरा लांबून यावं लागेल.

माझ्याकडे सात वर्षं तीन दारांची झेन होती, म्हणजे बाजूंना दोनच दारं आणि तिसरं डिकीचं. मारुतीने २००३ मध्ये काळी 'कार्बन' आणि चंदेरी 'स्टील' अशा दोन मर्यादित झेन काढल्या होत्या, प्रत्येकी तीनशेच. त्यातली काळी. २००६ च्या पाडव्याला मी ती एका ओळखीच्या डॉक्टरांकडून वापरलेली घेतली, पतपेढीचं कर्ज काढून. आमच्या घरातली ती पहिली चारचाकी. नवऱ्याला गाडी चालवता येत नव्हती, अजूनही येत नाही. घेतली मी, हप्ते भरले मी, चालवली मी. आम्ही तेव्हा सदाशिव पेठेत, कुमठेकर रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत राहायचो. सासूबाई, आम्ही दोघं आणि पाच वर्षांची मुलगी. म्हणजे तुमचंच घर, फक्त तेव्हाचं.

सासूबाईंना मी आईच म्हणायचे. आई तेव्हा सदुसष्टच्या, दोन्ही गुडघे धरलेले. नणंदेच्या पाच दारांच्या गाडीत पुढे बसायचं तर त्यांना आधी एक पाय आत टाकून, मान वाकवून, मधल्या खांबाला धरून अंग वळवावं लागायचं. तोंडातून "आई गं" निघाल्याशिवाय ते व्हायचं नाही. माझ्या गाडीत त्या दाराशी पाठ करून उभ्या राहायच्या, तशाच सीटवर टेकायच्या आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायच्या. तीन दारांच्या गाडीचं पुढचं दार लांब असतं आणि मधला खांब मागे गेलेला असतो, म्हणून हे जमतं. लांब दाराचं हे सुख मला एकाही शोरूममध्ये कुणी सांगितलेलं नाही. पुढे बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ही गाडी पाच दारांच्या गाडीपेक्षा सोपी जाते. पुढे बसणाऱ्याला, हे लक्षात ठेवा. गैरसोय एकच व्हायची. सीटचा पट्टा खांद्याच्या फार मागे असायचा, तो मी ओढून त्यांच्या हातात द्यायचे.

पावणेदोन वर्षं आम्ही अशा हिंडलो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, चतुःशृंगीला, त्यांच्या बहिणीकडे साताऱ्याला. आई पुढे, मुलगी मागे. नवरा सोबत असला की तोही मागे. एकदाही कुणाला खरचटलं नाही.

डिसेंबर २००७ मध्ये नात्यातलं एक लग्न होतं, कर्वे रस्त्याजवळच्या एका कार्यालयात. थोरले दीर मुंबईहून आले होते. जेवणं झाली, निघायची वेळ झाली. मी शेजारचं दार उघडून धरलं आणि आईंना हाक मारली, तर भाऊजीच येऊन बसले. "मला मागे पाय पसरता यायचे नाहीत," म्हणाले. आई काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. थोरल्या दिरांना "तुम्ही उठा" म्हणायची पद्धत आमच्या घरात नव्हती, आणि कार्यालयाच्या दारात पन्नास माणसं उभी होती. नवरा स्कूटरवर पुढे गेला होता. मग सीटची पाठ वाकवून, सीट पुढे सरकवून आईंना मागे बसवलं. काठापदराची जड साडी, हातात देण्याघेण्याची पिशवी, शेजारी पेंगुळलेली नात. आत जातानाच त्यांना धाप लागली होती.

गल्लीत पोचलो. गाडी डाव्या कडेला लावली. आता भाऊजींनी उतरायचं, सीट पुढे घ्यायची आणि आईंना डावीकडून, वाड्याच्या पायरीशी उतरू द्यायचं, इतकंच काम होतं. पण त्यांना फोन आला होता. मी म्हटलं, "भाऊजी, आईंना उतरायचंय." त्यांनी हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली. ते मिनिट संपेना. आईंना घरात जायची घाई होती, लग्नात पाणी भरपूर झालं होतं. शेवटी मी माझ्या बाजूने उतरले, माझी सीट पुढे केली आणि त्यांना उजवीकडून, म्हणजे रस्त्याच्या बाजूने बाहेर काढायला लागले. त्या बाजूला स्टेअरिंग आड येतं, त्यामुळे सीट फारशी पुढे जात नाही आणि वाट अरुंद राहते. मागून एक स्कूटरवाला हॉर्न वाजवत आला. आईंनी गडबडीने पाय बाहेर टाकला, पदर सीटच्या पट्ट्यात अडकला आणि त्या माझ्या हातातून सुटून हातावर पडल्या. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या पहिलं वाक्य ऐकलं: "असल्या गाडीत म्हाताऱ्या माणसाला बसवतात का?" ते घरात रुजलं. दिवाळीला, श्राद्धाला, पुतणीच्या साखरपुड्याला, जिथे गाडीचा विषय निघेल तिथे "हिची ती दोन दारांची गाडी आणि आईचा मोडलेला हात" निघतंच. ऑगस्ट २०२४ मध्ये महिंद्राने पाच दारांची थार रॉक्स आणली, तर आमच्या कुटुंबाच्या गटावर भाऊजींनी ती बातमी टाकून खाली लिहिलं, "शेवटी शहाणपण सुचलं." त्याआधी २०२३ मध्ये मारुतीची पाच दारांची जिम्नी आली, तेव्हाही तसंच काहीतरी.

आता त्याच उदाहरणांवरून सांगते. तीन दारांच्या थारमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर २,४५० मिमी आहे, रॉक्समध्ये २,८५०. परदेशातल्या तीन दारांच्या जिम्नीत ते २,२५०, आपल्याकडच्या पाच दारांच्या जिम्नीत २,५९०. म्हणजे कंपन्यांनी नुसती दोन दारं कापून बसवली नाहीत, गाडीच लांब केली. लोकांना मागे जो मोकळेपणा मिळाला, त्यात दारांइतकाच त्या ३४-४० सेंटीमीटरचा वाटा आहे. युरोपातसुद्धा फोक्सवॅगनने २०१७ ची पोलो आणि त्यानंतरची आठव्या पिढीची गोल्फ तीन दारांत काढलीच नाही, हे खरं आहे. मागे रोज माणसं बसणार असतील तर पाच दारं बरी, हे मलाही मान्य आहे. पण "तीन दारांची गाडी म्हाताऱ्यांसाठी धोक्याची" हे त्यावरून सिद्ध होत नाही. धोका असतो तो म्हाताऱ्या माणसाला मागे कोंबण्यात.

आपल्याकडे गाडीची पुढची सीट म्हणजे मानाचा पाट. जावई आला, तो पुढे. थोरला मुलगा, तो पुढे. पाहुणे पुरुष असतील तर तेच पुढे, आणि घरातल्या बायका, मुलं, म्हातारी मागे. पाच दारांच्या गाडीत हे खपून जातं, कारण मागच्याला स्वतःचं दार असतं. तीन दारांच्या गाडीत मागच्याची सुटका पुढच्याच्या हातात असते. पुढचा उठला तर मागचा उतरणार. म्हणून या गाडीत जागा मानाने वाटता येत नाहीत, गरजेने वाटाव्या लागतात. ज्याचे गुडघे दुखतात तो पुढे, धडधाकट माणूस मागे, मग तो कुणीही असो. तुमच्या घरात हे उघडपणे बोलता येत असेल तर तीन दारांची गाडी खुशाल घ्या. बोलता येत नसेल तर घेऊ नका. कारण त्या क्षणी जिने बोलायला हवं तिची जीभ उचलत नाही, हे मी अनुभवलंय.

आता तुमच्या दोन गाड्या. कॉमेटची लांबी २,९७४ मिमी, टियागोची साधारण ३,७७०. ऐंशी सेंटीमीटरचा फरक पेठेत काय असतो हे तुम्हाला सांगायला नको. लक्ष्मी रोडला किंवा मंडईपाशी जी फट बघून टियागोवाला पुढे जाईल तिथे कॉमेट बसेल. कॉमेट टियागोपेक्षा दहा सेंटीमीटर उंचही आहे. गुडघेदुखीच्या माणसाला खाली वाकून बसण्यापेक्षा उंच गाडी चांगली, तेव्हा आई पुढे बसणार असतील तर त्यांच्या बाजूने कॉमेटला माझं मत.

पण पार्किंग मोजा. कॉमेट रुंदीला १,५०५ मिमी आहे, टियागो १,६७७. म्हणजे खांबांच्या मधल्या जागेत कॉमेटला दोन्ही बाजूंना मिळून सतरा सेंटीमीटर जास्त मिळतात. लांब दार उघडायला मात्र तेवढे पुरतीलच असं नाही. आमची गाडी वाड्याच्या आत भिंतीशी लागायची, तेव्हा आईंना बाहेर गल्लीतच उतरवून मग मी गाडी आत घ्यायचे. तुमच्या इमारतीत खाली खांबांमधली जागा असेल तर टेप घेऊन जा आणि शोरूममध्ये दार पूर्ण उघडून त्याची टोकापासूनची लांबी मोजा. अर्धवट उघडलेल्या लांब दारातून आईंना उतरायला लावणं हे पाच दारांच्या गाडीपेक्षा वाईट.

मुलाचं म्हणाल तर तिथे मी पाच दारांच्या बाजूने आहे. चालत्या गाडीत मागचं दार उघडायची भीती नाही हा तीन दारांचा फायदा सगळे सांगतात. पण चार वर्षांच्या मुलाला लहान मुलांच्या सीटमध्ये बसवून पट्टा लावायचा म्हणजे रोज कंबर पिळून आत वाकायचं, पावसात शाळेच्या फाटकाशी मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. शिवाय तीन दारांच्या गाडीत मागची काच खाली होत नाही. माझ्या मुलीला खंबाटकी घाटात हमखास उलटी व्हायची आणि गाडी थांबवून पुढच्या माणसाला उतरवेपर्यंत व्हायचं ते होऊन जायचं. मागची सीट उघडी असताना कॉमेटमध्ये सामान ठेवायला जागा जवळजवळ नाहीच. टियागो ईव्हीची डिकी २४० लिटरची आहे. महिन्यातून दोनदा गावी जात असाल तर विषयच संपला, टियागो घ्या.

प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर आलो, तेव्हा भाऊजी आपली गाडी घेऊन हजर होते, पाच दारांची, मागचं दार उघडून. आई त्यांना म्हणाल्या, "तू हो पुढे, मी हिच्या गाडीत बसते." आणि नेहमीसारख्या पाठमोऱ्या टेकल्या, दोन्ही पाय आत घेतले. त्यानंतर पाच वर्षं, झेन विकेपर्यंत, त्या त्याच सीटवर बसायच्या. ही गोष्ट दिवाळीच्या गप्पांत कधी निघत नाही.

झेन २०१३ मध्ये विकली, कारण सुटे भाग मिळायला त्रास व्हायला लागला. काच आणि दाराचे रबर शोधायला मी नाना पेठेत किती चकरा मारल्या त्याची गणती नाही. आता माझ्याकडे पाच दारांची वॅगन-आर आहे. आता मीही गुडघ्यांना जपते. मागची दारं उघडायची वेळ महिन्यातून एकदा येते.

तुम्ही एक करा. शोरूममध्ये एकटे जाऊ नका. आईंना घेऊन जा, आणि त्या साडी नेसत असतील तर साडीतच. पुढे बसवा, उतरवा. मग मागे बसवा आणि उतरवा, डावीकडून आणि उजवीकडूनही. मुलाची सीट बसवलेली असताना करा. विक्रेता घाई करेल, करू द्या. आणि तुम्हाला थोरला भाऊ असेल तर त्यालाही त्याच दिवशी न्या, म्हणजे कोण कुठे बसणार हे सगळ्यांसमोर ठरेल.

भाऊजी, हे कुणीतरी गटावर टाकेलच. गाडी डाव्या कडेला लावलेली होती आणि पायरी तुमच्या दाराला लागून होती.

राहिलं ते चार्जिंगचं. दोन्ही गाड्या विजेच्या आहेत, तेव्हा गाडीचे पैसे भरायच्या आधी सोसायटीकडून चार्जिंगच्या जोडणीचं लेखी घ्या. जुन्या इमारतीत वायरिंग आणि मीटरचा भार वायरमनकडून तपासून घ्या. ते जमत नसेल तर दारं तीन की पाच हा प्रश्न नंतरचा.