काटा हलत नसेल तर आधी ताट बघ

अरे बाबू, तीन महिने जिममध्ये घाम गाळतोस आणि वजन वाढत नाही म्हणतोस, तर तू कमी जेवतोस. वजन ६० किलो असेल तर दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, किलोमागे १.६ ग्रॅम असा हिशेब धर. एका अंड्यात जेमतेम सहा ग्रॅम, म्हणजे सकाळी दोन अंडी आणि पाव खाऊन भागणार नाही. दुपारी हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, भात कालवून उठतोस ना? ताटात बांगड्याचे तुकडे जास्त वाढून घे. १०० ग्रॅम बांगड्यात १८-२० ग्रॅम प्रथिनं असतात. जून-जुलैत मासेमारीचे ट्रॉलर बंद, तेव्हा अळसांदे (चवळीचाच प्रकार), चणे, अंडी, चिकन खा. भात मात्र सोडू नकोस, वजन उचलायची ताकद त्यातूनच येते.

रोजच्यापेक्षा २५०-३०० कॅलरी जास्त पुरेत: मूठभर शेंगदाणे आणि एक केळं. मी पहिल्या वर्षी दिसेल ते खाल्लं, पोट सुटलं, ते उतरवायला सहा महिने गेले. तुझं तसं होऊ नये. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी वजन कर. महिन्याला किलोभर वाढलं तर बरोबर चाललंय. दोन आठवडे काटा तिथंच राहिला तर रात्री आणखी एक पोई, आपला गोव्याचा पाव, घे.