संगणकावरच्या विश्वाच्या सिम्युलेशनमध्ये दीर्घिकेचं वस्तुमान बरोबर आलं, तर आकार वेगळा तपासायची गरज काय?

गरज आहे, आणि माझ्या मते खरी परीक्षा तीच. तेवढेच तारे भलत्या जागी बसले तरी वस्तुमान जुळतं!

ईगल हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेलं सिम्युलेशन घ्या. चाचण्यांत त्या गटाला अशी प्रारूपं मिळाली की कोणत्या वस्तुमानाच्या दीर्घिका किती, हे छान जुळत होतं. पण दीर्घिका अवास्तव आवळलेल्या. सुपरनोव्हांनी, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांनी, दिलेली ऊर्जा दाट वायूत काही काम करायच्या आतच बाहेर पडून जायची, वायू थंड होऊन केंद्राकडे जायचा आणि तिथेच तारे बनायचे. शेवटी दाट वायूत ही ऊर्जा वाढवून द्यावी लागली. नुसतं वस्तुमान बघितलं असतं तर ही चूक लपूनच राहिली असती.

पण आवळलेली दीर्घिका दिसली की लगेच चूक समजू नका. १० अब्ज वर्षांपूर्वी अशा दीर्घिका खरोखर होत्या: साधारण १०० अब्ज सूर्यांइतके तारे, आणि निम्मा प्रकाश केंद्रापासून जेमतेम ३,३०० प्रकाशवर्षांच्या, म्हणजे १ किलोपार्सेकच्या आत. आपला सूर्यच आकाशगंगेच्या केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, यावरून कल्पना करा. पुढे त्यांतल्या बहुतेक फुगल्या, त्या मुख्यतः छोट्या दीर्घिका गिळून. दोन सारख्या दीर्घिका एक झाल्या तर वस्तुमान दुप्पट, त्रिज्याही साधारण दुप्पट. तेच वस्तुमान लहान लहान घासांनी आलं तर त्रिज्या जवळजवळ चौपट होऊ शकते, कारण नवे तारे बाहेरच पसरतात. ययाती समूहातली एनजीसी १२७७ मात्र तशीच राहिली. तिची त्रिज्या आजही सुमारे १.२ किलोपार्सेक आहे.

आता मोजमापाचं. टीएनजी या दुसऱ्या सिम्युलेशन-संचाचा खुला डेटा पहिल्यांदा उघडला तेव्हा मी यादीतली त्रिज्या थेट दुर्बिणीतल्या त्रिज्येशेजारी मांडली, आणि सगळ्याच दीर्घिका मोठ्या दिसल्या. यादीतली त्रिज्या त्रिमितीत निम्मं वस्तुमान सामावणारी असते, दुर्बिणीची आकाशावरच्या चित्रात निम्मा प्रकाश सामावणारी. गोलसर दीर्घिकेत एवढ्यानेच सुमारे एक तृतीयांश फरक पडतो. शिवाय त्या संचातल्या टीएनजी१०० मध्ये साधारण ०.७४ किलोपार्सेकहून कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण मुद्दाम मऊ, म्हणजे सौम्य, केलेलं असतं, त्यामुळे एनजीसी १२७७ सारखी दीर्घिका तिथे नीट उमटणंच कठीण. टीएनजी५० मध्ये हा आकडा ०.२९ आहे, म्हणून दाट दीर्घिकांसाठी मी तेच उघडतो. पण त्यात उभा केलेला विश्वाचा घन बाजूला जेमतेम ५० मेगापार्सेकचा (१ मेगापार्सेक म्हणजे १,००० किलोपार्सेक), तेव्हा इतक्या वजनदार दीर्घिका हाती फार थोड्या लागतात.