खाऱ्या पाण्याची टाकी: मासे सोडण्याआधी

क्लाउनफिश कधी सोडू, असं विचारलंत. अजून नाही! टाकीची सायकल, म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढणं, पूर्ण व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट एवढंच मोजा. लिक्विड टेस्ट किट घ्या, पट्ट्यांवर फार भिस्त नको.

जिवाणूंना खाद्य म्हणून बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) घाला. मग दर दोन-तीन दिवसांनी तपासून आकडे वहीत लिहा. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतो, नंतर तोही उतरतो. नायट्राइट भरपूर असताना नायट्रेटचा आकडा फसवा येतो, तिकडे तूर्त दुर्लक्ष करा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- आटलेल्या पाण्याच्या जागी पुन्हा खारं पाणी ओततात. मीठ काही उडून जात नाही, साधं आरओचं पाणीच घाला. विशिष्ट गुरुत्व (पाणी किती खारं आहे ते सांगणारा आकडा) १.०२५ च्या आसपास राहू द्या.
- अमोनिया दिसला की घाबरून पाणी बदलतात. टाकीत मासेच नाहीत, मग घाई कसली?
- नायट्राइट न बघताच मासे आणतात.

शेवटी पुन्हा २ पीपीएम अमोनिया घालून बघा. २४ तासांत अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले की पाणी बदलून नायट्रेट उतरवा आणि एखाद-दुसरा मासा आणा. कॅल्शियम, अल्कलिनिटी वगैरे कोरल घ्याल तेव्हा बोलू.