डोळ्यांवर रुमाल बांधून

तुला अनेक आशीर्वाद.

अंतराळवीर व्हायचंय म्हणतेस, आणि सात पानांच्या पत्रातली तीन पानं तू त्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर खर्च केलीस. सेंट्रिफ्यूज दिसायला भारी दिसतो खरा, पण तिथलं शिक्षण थोडक्यात आटपतं. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं की पोटाने श्वास घ्यायचा. सरावाने जमतं ते.

हवाई दलात मी नवा असताना एकदा शिक्षकांनी मला जमिनीवर उभ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवलं आणि डोळ्यांवर रुमाल बांधला. ते नाव घेणार, मी त्या बटणावर बोट ठेवणार. आदल्या रात्री सगळं आकृतीसकट घोकलं होतं. पहिली पाच बरोबर आली. सहाव्याला हात दोन बोटं पलीकडे पडला. ते रागावले नाहीत. माझं मनगट धरून बोट जागेवर नेऊन टेकवलं आणि एवढंच म्हणाले, "धूर झाला की मी नसेन हात धरायला." पुढे महिनाभर मी जेवण झालं की तिथे डोळे मिटून बसायचो. पोरं हसायची.

१६ जुलै २०१३ ची गोष्ट वाचली तेव्हा तो रुमाल आठवला. इटलीचे लुका परमितानो अंतराळस्थानकाबाहेर काम करत होते. पाऊण तास होत आला आणि डोक्याच्या मागे ओलं लागलं. पाणी वाढत गेलं. तिथे पाणी खाली गळत नाही, चेहऱ्याला चिकटून पसरतं. डोळ्यांवर आलं, नाकावर आलं. त्यातच स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलं, अंधार झाला. शिरस्त्राणात जवळजवळ दीड लिटर पाणी, दिसत काही नाही, ऐकू धड येत नाही. परमितानो आपल्या सुरक्षा-दोरीच्या ओढीवरून दिशा ओळखत, चाचपडत दारापर्यंत आले. नंतर तपासात कळलं की सूटमध्ये पाणी वेगळं करणाऱ्या पंपाची बारीक भोकं बुजली होती. मला जास्त टोचतं ते पुढचं. आठवडाभर आधी त्याच शिरस्त्राणात पाणी सापडलं होतं, आणि पिण्याची पिशवी गळली असेल म्हणून विषय मिटवला होता. 'असेल' हा शब्द फार महागात पडतो, बाळ.

हे चाचपडणं शिकवतात ते पाण्यात. नासाचा ह्यूस्टनमधला सरावाचा तलाव ६२ मीटर लांब, ३१ रुंद आणि १२ मीटर खोल आहे, आणि त्यात स्थानकाचे भाग बुडवून ठेवलेत. बाहेरच्या एका तासाच्या कामासाठी पाण्यात साधारण सात तास घालवतात. पाणबुडे सूटला वजनं आणि फोम लावून तो ना वर जाईल ना खाली असा तोलतात. पण तोललेला असतो सूट, आतला माणूस नव्हे. उलटं लटकलीस तर रक्त डोक्यात उतरतंच. हातमोजे हवेने फुगून ताठ होतात, मूठ वळायची म्हणजे दरवेळी रबरी चेंडू दाबायचा. कित्येकांची नखं निघाली आहेत त्यात. शिवाय पाणी थोडं खोटंही शिकवतं: तिथे ढकललेली वस्तू थांबते, अंतराळात ती जातच राहते.

परतताना यान भलतीकडे उतरलं तर काय, याचीही तालीम असते. बर्फात, जंगलात, यानातल्या सामानावर दिवस काढायचे. आपल्या गगनयान मोहिमेसाठी निवडलेले चौघेही २०२० च्या फेब्रुवारीत मॉस्कोजवळच्या जंगल-दलदलीत हेच करत होते. तुला ते नाटक वाटेल. पण एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेच्या अंतराळवीर पेगी व्हिटसन ज्या रशियन सोयूझ यानातून परतल्या, ते ठरल्या जागेपासून सुमारे पावणेपाचशे किलोमीटर अलीकडेच उतरलं, तेही आपल्या वजनाच्या आठ पटींहून जास्त दाब सोसून. आणि हो, 'वैमानिक नसले तर?' असं विचारलंस ना? गगनयानच्या पहिल्या तुकडीसाठी हवाई दलाचे चाचणी-वैमानिकच निवडले, हे खरं. पण या व्हिटसनबाई जीवरसायनशास्त्राच्या. २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला ज्या मोहिमेवर गेले, तिच्या कमांडर त्याच होत्या.

त्या मोहिमेचंच बघ. २५ मे रोजी चौघे विलगीकरणात गेले. कधी हवामान, कधी रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती, मग स्थानकाचीच अडचण. उड्डाण झालं २५ जूनला! महिनाभर दारं बंद, आणि रोज सकाळी आजच जायचंय अशा तयारीने उठायचं.

तरी शुक्ला गेले. प्रशांत नायर त्यांचे राखीव होते, तेच प्रशिक्षण पुरं करून खालीच राहिले. १९८४ मध्ये राकेश शर्मांसोबत रवीश मल्होत्रांनीही मॉस्कोजवळच्या स्टार सिटी या प्रशिक्षण केंद्रात सगळं शिकून घेतलं होतं, रशियन भाषेसकट. ३ एप्रिलला यान गेलं, ते जमिनीवर होते. तू भिंतीवर शर्मांचा फोटो लावलास, चांगलं केलंस. शेजारी मल्होत्रांचाही लाव. तो फोटो रोज बघवतो का, ते मला कळव.

एक राहिलंच. नासात निवड झाल्यावर पहिल्या महिन्यातच पोहण्याची परीक्षा होते: उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून पंचवीस मीटरच्या तलावाच्या तीन लांब्या, आणि दहा मिनिटं पाण्यात तरंगत राहणं. सात पानांत तू पोहण्याचा शब्दही काढला नाहीस. येतं का? येत नसेल तर उन्हाळी बॅचला नाव घाल, आणि शिक्षक काठावर असल्याशिवाय कपड्यांनिशी पाण्यात उतरू नकोस.

तुझा,
काका